नाट्यगृहाने कलावंताचे राजकारण विचारू नये

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. ज्यांचे नाव या वास्तूला आहे, त्या गायक-नट केशवरावांची जयंती दुसऱ्याच दिवशी होती. राजर्षी शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली आणि 1915 पासून या शहराच्या कलाजीवनाचा आधार राहिलेली वास्तू डोळ्यांदेखत जळताना पाहून शहरातले रंगकर्मी हमसून रडले. पुढे पुनर्बांधणीचा निर्णय झाला, काम हाती घेतले गेले, आणि तेव्हापासून छत, ध्वनियोजना, आसने, अग्निशमनाची व्यवस्था यांवर शहरात भरपूर बोलले गेले. ते आवश्यकच होते. परंतु नवे नाट्यगृह उभे राहिल्यावर ते कोणाला द्यायचे आणि कोणत्या अटींवर द्यायचे, याविषयी कोणी फारसे बोलत नाही. मला त्याविषयीच लिहायचे आहे, आणि त्यातही अशा कलावंताविषयी, जो गायक, नट किंवा शाहीर म्हणून लोकांच्या परिचयाचा होतो आणि पुढे उघडपणे राजकीय कार्यकर्ता म्हणून उभा राहतो.

अशा माणसाबद्दल आपल्याकडे एक मत सहजपणे व्यक्त केले जाते. कलावंताने कला करावी, राजकारण राजकारण्यांवर सोडावे, प्रेक्षक करमणुकीसाठी तिकीट काढतो, त्याला भाषण ऐकवू नये. हे मत पेठांतल्या कट्ट्यावर ऐकू येते, नाट्यसंस्थांच्या बैठकीत ऐकू येते आणि सभागृह नाकारताना तर हमखास ऐकू येते. केशवराव भोसल्यांच्या नावाच्या इमारतीपुरते बोलायचे झाले, तर हे मत तिथे टिकण्यासारखे नाही.

केशवराव कोल्हापुरात 1890 साली जन्मले. स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत लहान वयात त्यांनी गाजवलेली शारदा ही जरठ-कुमारी विवाहावर कोरडे ओढणाऱ्या नाटकाची नायिका होती. 1908 साली त्यांनी ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी काढली आणि काही वर्षांनी मामा वरेरकरांचे हुंड्याच्या प्रश्नावरचे नाटक रंगभूमीवर आणले. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या धुरीणांनी एकत्र येऊन ‘मानापमान’चा जो संयुक्त प्रयोग केला, त्याची आठवण मराठी रसिक आजही संगीताच्या अंगाने काढतात, कोणाची कोणती तान कशी रंगली, याच्या कथा सांगतात. तो प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी होता, म्हणजे असहकाराच्या आंदोलनाला पैसा उभा करण्यासाठी होता, हे मात्र ओझरते सांगितले जाते. ‘मानापमान’चे नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे टिळकांचे सहकारी, केसरीच्या संपादकपदी काम केलेले. त्यांच्याच ‘कीचकवधा’वर इंग्रज सरकारने 1910 साली बंदी घातली होती. त्या प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आत, 4 ऑक्टोबर 1921 रोजी, केशवराव एकतिसाव्या वर्षी गेले. ते राजकीय कार्यकर्ते होते असे माझे म्हणणे नाही. परंतु आपली कला एका राजकीय कार्याच्या पदरात टाकताना त्यांना संकोच वाटला नाही, आणि त्यामुळे त्यांच्या गाण्याचे काही कमी झाले असे त्या काळच्या एकाही रसिकाला वाटले नाही.

कोल्हापूर हे या बाबतीत फार बोलके शहर आहे. सत्यशोधक समाजाची शाखा इथे 1911 साली स्थापन झाली आणि सत्यशोधकी जलशांनी, तमाशाच्याच घाटात, गण-गौळणीच्या चौकटीत, जातिव्यवस्थेवरचे प्रश्न गावोगावच्या पारावर नेले. बिंदू चौकातले महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे, बाबासाहेब हयात असताना, 9 डिसेंबर 1950 रोजी उभे राहिले, त्यामागे भाई माधवराव बागल होते. बागल मुळात चित्रकार. रंगमंचावरचे नव्हेत, म्हणून ते माझ्या विषयाच्या थोडे बाहेर पडतात. तरीही कुंचला हाती असलेल्या माणसाने संस्थानातल्या प्रजेच्या हक्कांसाठी लढणाऱ्या प्रजा परिषदेचे नेतृत्व केल्याचे या शहराला कधी वावगे वाटले नाही, एवढे नोंदवून पुढे जातो.

मला अधिक महत्त्वाची वाटतात ती दोन माणसे, दोघेही गळ्याचे धनी, दोघांचाही कोल्हापूरशी संबंध, आणि राजकारणात एकमेकांपासून जितके दूर असता येईल तितके दूर. पहिले अमर शेख. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. गिरणी कामगार म्हणून राबलेले, कामगारांच्या लढ्यात तुरुंगात गेलेले. काही काळ ते कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काम करत होते, आणि अमर शेख हे नाव त्यांना मिळाले ते इथेच. पुढे ते कम्युनिस्ट पक्षाचे झाले, 1944 साली निघालेल्या लाल बावटा कलापथकात अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर उभे राहिले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात त्यांच्या पहाडी आवाजाने मैदानेच्या मैदाने भारून टाकली. दुसरे सुधीर फडके. 25 जुलै 1919 रोजी कोल्हापुरात जन्मलेले, संघाचे स्वयंसेवक, सावरकरांचे निष्ठावंत. मराठी घराघरांत ज्यांचे सूर पोहोचले, ते बाबूजी 1954 साली दादरा आणि नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात प्रत्यक्ष उतरले. संगीतकार म्हणून भरात असताना पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या मुलखात शिरलेल्या तुकडीबरोबर गेले. उत्तरायुष्यातली कित्येक वर्षे त्यांनी सावरकरांवरच्या चित्रपटासाठी निधी गोळा करण्यात घातली.

या दोघांना मी मुद्दाम एका परिच्छेदात बसवले आहे. कलावंताच्या राजकारणाला आक्षेप घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचा आक्षेप खरे तर अर्ध्याच कलावंतांवर असतो. अमर शेखांचा लाल बावटा ज्यांना खुपतो त्यांना बाबूजींचे दादरा-नगर हवेली राष्ट्रकार्य वाटते, आणि बाबूजींची शाखा ज्यांना खुपते त्यांना अमर शेखांचा डफ जनतेचा आवाज वाटतो. आपल्या बाजूचे ते समाजकार्य आणि समोरच्या बाजूचे ते राजकारण, अशी वाटणी मनात पक्की असते. व्यक्ती म्हणून आपल्यापैकी प्रत्येकाला ती करण्याचा अधिकार आहे. मलाही माझी आवडनिवड आहे आणि ती मी लपवत नाही, मला अमर शेख अधिक जवळचे आहेत. परंतु लोकांच्या कराच्या पैशातून उभ्या राहिलेल्या सभागृहाला ही वाटणी करण्याचा अधिकार नाही.

यावर एक आक्षेप असा घेतला जातो की राजकारणात शिरलेली कला प्रचारकी होते आणि कला म्हणून संपते. हा आक्षेप गंभीर आहे. तो उडवून लावण्यासारखा नाही, कारण चळवळीच्या काळात लिहिलेली असंख्य गाणी मागणी मान्य होताच, किंवा फेटाळली जाताच, विसरली गेली. ती विसरली गेली यात अन्याय काही नाही. मात्र ती राजकीय असल्यामुळे विसरली गेली, हे मला मान्य नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड, म्हणजे लावणीच्या अंगाचे गाणे, घ्या. तिची रचना नीट पाहिली तर कलावंताच्या राजकारणाचा प्रश्न तिथे बराचसा सुटतो. पोट भरायला मुंबईला आलेला एक माणूस गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. शृंगाराच्या अंगाने तिचे रूप, तिचे बोलणे, तिचा निरोप येतो. ऐकणारा रंगून जातो. मग हळूहळू ती मुंबई येते जिथे हा माणूस राबतो, तिथले श्रीमंत आणि तिथले कंगाल येतात. आणि शेवटी, श्रोत्याच्या मनात ताटातुटीचे दुःख पुरते मुरल्यावर, शाहीर सांगतो की माझ्या मैनेची जी गत झाली तीच खंडित महाराष्ट्राची झाली, बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव दुसऱ्यांच्या मालकीत गेले. राजकीय मागणी गाण्याला वरून चिकटवलेली नाही. बायकोपासून तुटलेल्या कामगाराच्या दुःखातूनच ती वाढत जाते. हे जमायला छक्कड या प्रकारावर हुकूमत लागते, आणि ज्याचे दुःख गायचे त्या माणसांत राहावे लागते. अण्णा भाऊ वाटेगावाहून मुंबईला आलेले आणि गिरणीत राबलेले होते. कोल्हापूरकरांना हे गाणे आजही शिळे वाटत नाही, कारण महामार्गाने निपाणीकडे निघाले की कर्नाटकच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका अजून तिथेच आहे, आणि सीमाभागात मेळाव्याला निघालेल्या इकडच्या कार्यकर्त्यांना आजही त्याच नाक्यावर अडवले जाते.

तेव्हा प्रश्न कला राजकीय आहे की नाही हा उरत नाही; ती चांगली आहे की वाईट हा उरतो, आणि त्याचा निवाडा प्रेक्षकांनी करायचा असतो, सभागृहाच्या व्यवस्थापकाने नव्हे.

दुसरा आक्षेप प्रसिद्धीचा आहे. ज्याने आयुष्यभर लोकांना रडवले-हसवले, त्याच्या शब्दाला विचारापेक्षा प्रेमामुळे जास्त वजन येते, आणि हे लोकशाहीला पोषक नाही, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे. निवडणूक आली की एखादा लोकप्रिय चेहरा व्यासपीठावर आणून बसवला जातो, त्याला उमेदवारी मिळते, आणि पुढची पाच वर्षे मतदारसंघाला त्याचे दर्शन दुर्मीळ होते, हे आपण पाहिलेले आहे. अशा माणसाला मी कलावंत-कार्यकर्ता म्हणणार नाही. त्याने आपली लोकप्रियता भाड्याने दिलेली असते. कार्यकर्ता झालेल्या कलावंताची ओळख माझ्या मते उलट्या बाजूने पटते: त्या भूमिकेमुळे त्याने काय गमावले? अण्णा भाऊंच्या आणि अमर शेखांच्या कलापथकाच्या कार्यक्रमांवर मुंबई राज्यात मोरारजी देसाई यांच्या कारकिर्दीत बंदी आली, तेव्हा त्यांचे पोट त्या कार्यक्रमांवर होते. अण्णा भाऊ 18 जुलै 1969 रोजी विपन्नावस्थेत गेले. त्यानंतर दीड महिन्यात, 29 ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. 2002 साली अण्णा भाऊंचे टपाल तिकीट निघाले, 2022 साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला, आणि त्या अनावरणाला महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री गेले. हा सन्मान व्हायलाच हवा होता. पण ज्या माणसाला जिवंतपणी गायला जागा मिळू नये अशी व्यवस्था केली गेली, त्याला मृत्यूनंतर आपण जागा देतो, आणि आज तशाच अवस्थेत असलेल्या शाहिराकडे मात्र पाठ फिरवतो, हे मला अस्वस्थ करते.

गायला जागा मिळू न देणे हे हत्यार किती परिणामकारक असते, याचे जगातले सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकन गायक-अभिनेते पॉल रोबसन यांचे आहे. रोबसन 1898 साली जन्मले. त्यांचे वडील गुलामगिरीतून निसटलेले. रोबसन फुटबॉलचे नामांकित खेळाडू होते, कायद्याचे पदवीधर होते, आणि खर्जातल्या आवाजाचे असे गायक होते की युरोप-अमेरिकेची मोठमोठी सभागृहे त्यांच्यासाठी भरत. 1937 साली स्पेनच्या यादवी युद्धातल्या निर्वासितांसाठी लंडनमध्ये झालेल्या सभेत त्यांनी जाहीर केले की कलावंताला बाजू घ्यावीच लागते, स्वातंत्र्यासाठी लढायचे की गुलामीसाठी हे ठरवावेच लागते, आणि मी ठरवले आहे. पुढे कृष्णवर्णीयांचे हक्क, कामगार संघटना आणि सोव्हिएत संघाशी मैत्री या त्यांच्या भूमिका अमेरिकेतल्या सरकारला आणि बहुसंख्य वृत्तपत्रांना सहन झाल्या नाहीत. सोव्हिएत राजवटीच्या अत्याचारांबाबत ते गप्प राहिले, ही त्यांची मोठी चूक होती असे मला वाटते. परंतु त्यांना जी शिक्षा मिळाली ती कोणत्याही न्यायालयाने दिलेली नव्हती. 1949 साली न्यूयॉर्कजवळ पीकस्किल येथे त्यांच्या कार्यक्रमावर जमावाने हल्ला केला, श्रोत्यांच्या गाड्यांवर दगड पडले. 1950 साली सरकारने पारपत्र काढून घेतले. रोबसन यांनी गाऊ नये असा कायदा कोणी केला नाही. फक्त सभागृहांनी तारखा देणे बंद केले, ध्वनिमुद्रण कंपन्यांनी दारे लावली, आणि एकेकाळी अमेरिकेतल्या सर्वाधिक मानधन घेणाऱ्या कलावंतांपैकी एक असलेल्या माणसाची कमाई जवळजवळ आटली. 1952 साली कॅनडात जाऊ दिले नाही, म्हणून ते सीमेवर एका मालमोटारीवर उभे राहून गायले आणि पलीकडच्या बाजूने हजारो लोकांनी ते ऐकले. 1957 साली वेल्समधल्या खाणकामगारांच्या मेळाव्यासाठी ते न्यूयॉर्कमधून समुद्राखालच्या टेलिफोनच्या तारेवरून गायले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे पारपत्र परत मिळाले. त्याच 1958 साली त्यांचा साठावा वाढदिवस भारतात जाहीरपणे साजरा झाला, त्यासाठी स्थापन झालेल्या समितीचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला होते, आणि पंडित नेहरूंनी त्याला पाठिंबा दिला. अमेरिकन सरकारला ते अजिबात रुचले नव्हते. दुसऱ्या देशातल्या, वादग्रस्त भूमिकेच्या कलावंताला त्या वेळी या देशाने जागा दिली.

आपल्याकडे आता बंदीचा हुकूम क्वचितच निघतो. काम दारावर चिकटवलेल्या कागदाने होते. काही वर्षांपूर्वी एका सभागृहाच्या दारावर असा कागद मी स्वतः वाचला आहे: ‘तांत्रिक कारणास्तव आजचा कार्यक्रम रद्द.’ आत दिवे लागलेले होते. शाहीर पायरीवर बसले होते, मागे सूर धरणारी झीलकरी पोरे फेटे काखेत धरून उभी होती, आणि आयोजक, एक सेवानिवृत्त शिक्षक, अनामत रकमेची पावती पुन्हा पुन्हा उघडून वाचत होते. त्या शाहिरांनी आदल्या महिन्यात एका आंदोलनात गायले होते आणि त्याची चित्रफीत मोबाइलवरून फिरली होती. तांत्रिक कारण ते, हे सगळ्यांना माहीत होते आणि तोंडाने कोणी कबूल करत नव्हते. शेवटी जवळच्या एका तालमीने, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याने, आपले अंगण दिले. कोणीतरी वर्तमानपत्रे पेटवली, त्यावर डफ शेकला, आणि कार्यक्रम झाला. लोक यात तालमीचा मोठेपणा पाहतात, तो आहेच. मला मात्र तेव्हाही वाटले आणि आजही वाटते की नागरिकाला जे हक्काने मिळायला हवे, ते कोणाच्या मोठेपणावर सोडणे बरोबर नाही. पुढच्या खेपेला ती तालीम घाबरली, किंवा तिच्या कारभाऱ्यांनाच ते राजकारण पटले नाही, तर काय करायचे?

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. राज्यघटनेचे कलम 19 अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देते आणि त्यावर कोणत्या कारणांसाठी वाजवी बंधने घालता येतील तेही सांगते. ‘वाद होऊ शकतो’ हे त्या कारणांत नाही. एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम या 1989 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दडपता येणार नाही, आणि विरोधी जमाव आवरता येत नाही अशी सबब शासनाला सांगता येणार नाही. महाराष्ट्रात नाटकांसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाची पूर्वपरवानगी अजूनही लागते. अमोल पालेकर यांनी 2016 साली मुंबई उच्च न्यायालयात त्या पद्धतीला आव्हान दिले आहे. तो प्रश्न मोठा आहे आणि त्याचा निवाडा न्यायालयात होईल. पण महापालिकेच्या नाट्यगृहाने स्वतःच्या पातळीवर करण्यासारखे जे आहे, त्यासाठी कोणत्याही निकालाची वाट पाहण्याची गरज नाही.

नाट्यगृहाच्या आरक्षणाचे नियम नव्याने लिहिले जातील तेव्हा त्यात अर्जदाराला तारीख, भाडे, अनामत, प्रेक्षकसंख्या आणि सुरक्षेच्या बाबी एवढेच विचारले जावे. कलावंताने यापूर्वी कुठे गायले, कोणत्या मोर्चात चालला, कोणत्या पक्षाचे निशाण हाती घेतले, हे विचारायला अर्जात जागाच असू नये. ज्याच्या राजकारणाने मला संताप येतो, त्याला हे सभागृह ज्या अटींवर मिळेल त्याच अटींवर ते मला प्रिय असलेल्या शाहिराला मिळावे. याखेरीज दुसरी कोणतीही मागणी मला प्रामाणिकपणे करता येत नाही. दिलेली तारीख रद्द करायची झाली तर अधिकाऱ्याने आपल्या नावाने आणि सहीने, कारण लिहून, ती रद्द करावी, म्हणजे त्या कारणाला आव्हान देता येईल. बिनसहीचा कागद दारावर लावता येऊ नये. कोणी गोंधळाची धमकी दिली तर बंदोबस्त कार्यक्रमाच्या संरक्षणासाठी असावा आणि त्याचा खर्च आयोजकांच्या माथी मारला जाऊ नये, कारण धमकी देणाऱ्याच्या कृत्याचा दंड धमकी झेलणाऱ्याने भरायचा ही रीत उलटी आहे आणि लहान संस्था त्या खर्चाच्या नुसत्या आकड्यानेच माघार घेतात.

शेवटची गोष्ट भाड्याची. नव्या वास्तूचा खर्च मोठा आहे आणि तिचे भाडे वाढणार हे उघड आहे. पोवाड्याच्या, जलशाच्या, पथनाट्याच्या मंडळींकडे प्रायोजक नसतात, आणि त्यांनी एखादी राजकीय भूमिका घेतली असेल तर जे दोन-चार असतात तेही हात आखडते घेतात. महिन्यातले काही दिवस लोककलावंतांसाठी आणि हौशी संस्थांसाठी नाममात्र भाड्यात राखून ठेवावेत आणि ते चिठ्ठी टाकून वाटावेत, कोणाच्या शिफारशीवर नव्हे. हे नियम महापालिकेच्या कार्यालयात बसून ठरवण्याऐवजी त्यांचा मसुदा लोकांसमोर ठेवावा, हरकती व सूचना मागवाव्यात, आणि त्या सुनावणीला नाट्यसंस्थांच्या पदाधिकाऱ्यांबरोबर जिल्ह्यातल्या शाहिरांना, सोंगाड्यांना आणि तमाशा फडांच्या मालकांनाही बोलावणे धाडावे.